शाईचे मशीन आणि आपली बेपर्वाई

२०१७ साली जीएसटी आला आणि भिवंडी-मालेगावच्या कापड पेढ्यांवर बिलबुकाची जागा शाईच्या प्रिंटरने घेतली. आमच्या तरुणांनी तर एक पाऊल पुढे टाकले. कोणी घरातले दागिने मोडून, कोणी भावाकडून कर्जे-हसना घेऊन सब्लिमेशनची आणि डीटीएफची मशीने आणली. टी-शर्ट, झेंडे, उशांचे अभ्रे यांवर छपाई सुरू केली. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु ऐन ईदच्या किंवा लग्नसराईच्या ऑर्डरीत "हेड चोक झाले" म्हणून हात जोडून बसण्याची पाळी या मुलांवर वारंवार येते, आणि नवे हेड घ्यायचे तर महिन्याची कमाई त्यात जाते. आमचे स्पष्ट मत आहे की यातील बहुतेक नुकसान टाळता येण्यासारखे आहे.

हेडच्या तळाशी केसाहून बारीक अशी शेकडो छिद्रे असतात. त्यांतून पडणारा थेंब काही पिकोलिटरचा, म्हणजे लिटरच्या अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या हिश्शाच्या हिशेबातला. एवढ्याशा तोंडावर शाई सुकायला कितीसा वेळ लागणार? ज्यांनी स्क्रीन छपाई केली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. जोहरच्या नमाजला उठणारा कारागीर जाळी रंगाने भरलेली टाकून जात नाही, ओल्या फडक्याने पुसून मगच जातो. पूर्वीचे कातिबसुद्धा कलमेवर रोशनाई वाळू देत नसत. तीच माणसे प्रिंटरसमोर मात्र "हे कॉम्प्युटरचे काम, मेकॅनिक बघेल" असे म्हणून मोकळी होतात.

पहिली खोड मेन स्विचची. रात्री दुकान बंद करताना आगीच्या भीतीने मेन खाली ओढायचा, ही कापड बाजाराची जुनी आणि रास्त सवय आहे. पण प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसते आणि छिद्रांची तोंडे झाकली जातात. काम चालू असताना मेन ओढला किंवा वीज गेली, तर हेड वाटेतच उघडे राहते. म्हणून आधी प्रिंटरचे बटण दाबावे, दिवा विझू द्यावा, मग मेन बंद करावा. रात्री वीज गेली असेल तर सकाळी आल्याबरोबर मशीन चालू करून हेड जाग्यावर जाते की नाही, ते पाहावे.

दुसरी खोड आपल्या धंद्यातलीच. लूमच्या शेजारी किंवा कटाईच्या टेबलाजवळ मशीन ठेवले की कापसाची तूस उडून रबरी टोपीवर आणि पुसणाऱ्या पट्टीवर बसते. टोपी नीट बसत नाही, हवा आत शिरते आणि शाई आळते. मशीनवर आच्छादन घालावे. टोपी अधूनमधून डिस्टिल्ड वॉटरने, तूस न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसावी. बोअरिंगचे पाणी वापरू नये, त्यातले क्षार तिथेच बसतात. थिनर आणि सुई यांना तर हेडच्या जवळही फिरकू देऊ नये.

तिसरे म्हणजे काम नसलेले दिवस. बिले काळ्या शाईत छापायची आणि बाकीचे तीन रंग महिनोन्‌महिने पडून राहायचे, हे पेढ्यापेढ्यांवर चालते. आठवड्यातून एकदा तरी चारही रंगांचे एक पान काढलेच पाहिजे. सब्लिमेशनच्या शाईत रंगाचे कण पाण्यात तरंगत असतात, विरघळलेले नसतात, म्हणून ते तळाशी बसतात. डीटीएफच्या पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइडची जड पूड असते, ती तर सर्वांत लवकर बसते. ईदच्या सुट्टीत चार-पाच दिवस दुकान बंद राहणार असेल, तर पांढऱ्या शाईच्या मशीनकडे मध्ये एकदा तरी कोणीतरी जाऊन आले पाहिजे.

आता दुखणे ओळखण्याविषयी. छपाईत पट्टे दिसले की आमची मुले सफाईचे बटण दाबत सुटतात. आधी नॉझल चेकचे पान काढावे. तुटलेल्या रेघा दर पानावर त्याच जागी असतील तर छिद्र सुकले आहे असे समजावे. तुटण्याची जागा दर वेळी बदलत असेल, किंवा पहिली पाने चांगली येऊन पुढे रंग उडत असेल, तर नळीत हवा शिरली आहे किंवा शाई पुरेशी पोहोचत नाही. अशा वेळी टाकीतली पातळी आणि हवेचे छिद्र पाहावे. एका रंगात दुसरा मिसळून येत असेल तर बहुधा टोपी घाणेरडी झाली आहे. आणि नॉझल चेक स्वच्छ असूनही पट्टे येत असतील, तर दोष अलाइनमेंटचा किंवा कागद ओढण्याचा आहे, हेड बिचारे निर्दोष आहे. ही पाने तारीख घालून फाइलला लावून ठेवावीत. मेकॅनिक आला की तीच त्याच्यापुढे ठेवावीत, म्हणजे दोन नळ्यांचे काम असताना हेडचे बिल लावण्याची हिंमत तो करणार नाही.

सफाई दोन-तीनदा करून गुण आला नाही तर मशीन बंद करून रात्रभर तसेच राहू द्यावे. सुकलेली शाई ओलाव्याने पुष्कळदा सैल होते. दहा वेळा सफाई केली तर टाकीतली शाई वाया जातेच, शिवाय ती सगळी मशीनच्या पोटातल्या स्पंजात जाते. तो भरला की मशीन काम थांबवते.

जुनी मशीने विकण्याचा जो प्रकार चालू आहे त्याबद्दल लिहिणे भाग आहे. हेड औषध घालून तात्पुरते मोकळे करायचे, एक पान छान काढून दाखवायचे आणि गरजू मुलाच्या गळ्यात मारायचे. माल विकताना त्यातला ऐब सांगणे हा आपल्या दीनचा हुकूम आहे. प्रिंटर त्यातून वगळलेला नाही. घेणाऱ्यानेही एका पानावर भुलू नये. गडद रंगाची दहा पाने सलग काढून मग नॉझल चेक पाहावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन थंड असताना पुन्हा एकदा.

ज्यांना दिवसाला फक्त चार बिले काढायची आहेत, त्यांनी शाईचा प्रिंटर घेऊच नये, काळा-पांढरा लेझर घ्यावा. त्याचा टोनर म्हणजे कोरडी पूड, ती सुकण्याचा प्रश्नच येत नाही. रंगीत बिल मागणारे गिऱ्हाईक आम्हाला तरी अजून भेटलेले नाही.