दुसरी लाथ

खरं सांगू? ही गोष्ट मी आधी जाम फुशारकी मारत सांगायचे.

पुण्यात दोन वर्षं वीकेण्डला कराटे. डेडलाइन्स सांभाळून कमावलेला ग्रीन बेल्ट! म्हटलं, कधीतरी उपयोगी पडेल. आणि पडला की!

दिवाळीला घरी, जामनेरला निघाले होते. आमची लाडकी 'पीजे', म्हणजे पाचोरा-जामनेर नॅरोगेज, २०२० साली थांबली. त्यामुळे जळगावहून एसटी. पोहोचायला रात्र झाली. स्टँडबाहेर एकाने वाट अडवली आणि थेट मनगट धरलं. क्लासमध्ये शंभर वेळा केलेली मूव्ह... त्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका दिला, हात सुटला. तो गडबडला, मागे सरकला, पाठ फिरवून निघालासुद्धा. आणि मी मागून त्याच्या गुडघ्यावर सणसणीत लाथ हाणली. तो कळवळून खाली बसला. मी टेचात घरी!

सकाळी मामांना सगळं ॲक्शनसकट सांगितलं. मामा जुने पैलवान. कान चुरगळलेले, आवाज मात्र एकदम मऊ. वाटलं, शाबासकी मिळणार.

"हात सुटला होता ना पोरी? मग लाथ कशाला?"

"त्याला धडा शिकवायला!"

"मग तो बचाव नाही झाला. मारामारी झाली."

माझा फुगा फुस्स!

आमच्याकडे कुस्तीचं वेड जुनं. फेब्रुवारी २०२५मध्ये तर जामनेरात देशोदेशीचे मल्ल आले होते. आपल्या जिल्ह्याचा विजय चौधरी २०१४ ते २०१६ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, पुढे पोलीस उपअधीक्षक झाला, हे मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. त्यांचा फंडा सिम्पल आहे. समोरच्याची पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, हात सोडायचा. आणि ज्याचा हात जड, त्याने तो उशिरा उचलायचा.

पुण्यात परतल्यावर कायदा वाचला, तर तो मामांच्याच बाजूने! १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४मध्ये आहे. पहिला फटका खाईपर्यंत थांबायची गरज नाही, धोक्याची रास्त भीती वाटली की हक्क सुरू. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी तर बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा पाठीशी आहे. पण एरवी गरजेपेक्षा जास्त इजा नाही. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल, तर हक्कच नाही. आणि भीती संपली की हक्कही संपला.

आता म्हणाल, अशा वेळी मोजूनमापून कोण मारतं? बरोबर! सुप्रीम कोर्टानेही २०१०च्या दर्शन सिंग खटल्यात हेच मान्य केलं, की हल्ला होत असताना माणसाने तराजू घेऊन बसावं अशी अपेक्षा करता येत नाही. घाबरून एखादा फटका जास्त बसला, तर समजून घेतलं जातं.

प्रॉब्लेम हा, की मी घाबरलेच नव्हते. पहिल्या सेकंदाला होते. दुसऱ्या सेकंदाला मला मजा येत होती.

त्या माणसाची बाजू मी घेत नाहीये. मनगट धरणं हा गुन्हाच. पण त्याची शिक्षा ठरवणारी मी कोण? हात सुटल्यावर ओरडायचं होतं, उजेडात, माणसांत पळायचं होतं, ११२ फिरवायचा होता. तक्रार करायची होती. यातलं मी काहीच केलं नाही. लाथ मारून विषय संपवला.

क्लास अजून चालू आहे, बरं का! तुम्हीही लावा. फक्त सुटका करून घेण्याची मूव्ह शिकलात, की त्यापुढची थांबायची मूव्हही शिका. ती कुठल्याच बेल्टच्या परीक्षेत विचारत नाहीत.

माझ्या मनगटावर त्या रात्री साधा वळही उठला नव्हता. त्याच्या गुडघ्याचं काय झालं असेल, हे मात्र अजूनही मध्येच डोक्यात येतं.