सब्र कुणी करायचा?

समजा, एखाद्याने हापूसची एक नंबर पेटी कवडीमोल भावात देऊन टाकली आणि वर खुशीत घरी आला, तर आपण त्याला काय म्हणू? गंडला. अरबीत अशा माणसाला ‘मगबून’ म्हणतात. हा अस्सल व्यापारातला शब्द आहे. माल चांगला होता, पण त्याची किंमत न कळल्यामुळे घाट्यात गेला, तो मगबून.

प्रेषित मुहम्मद पैगंबरांनी बाजारातला हा शब्द थेट तब्येतीला लावला. ‘सहीह बुखारी’ या हदीससंग्रहात मन हळवं करणाऱ्या वचनांचा एक भाग आहे, त्याच्या अगदी सुरुवातीला हे वचन येतं. आशय असा, की दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक गंडतात. एक आरोग्य, दुसरा मोकळा वेळ.

आता ही दोन्ही एकदम हातात असण्याचं वय कोणतं? एफवाय ते टीवाय! (सबमिशनचे पंधरा दिवस सोडून.) सगळ्यांना हे लागू नाही, मान्य. रात्री डिलिव्हरी करून फी भरणाऱ्याकडे वेळ नसतो आणि लहानपणापासून इंजेक्शन घेणाऱ्याकडे तशी तब्येत नसते. पण बाकीचे आपण? रात्री तीनपर्यंत रील्स, सकाळी उपाशीपोटी चहा, दुपारी वडापाव आणि ‘अजून वय काय आपलं’. पेटी चाललीय कवडीमोल भावात.

पण मला बोलायचंय ते थोडं वेगळं. मी मुस्लिम घरात वाढले. आजारपणाविषयी घरात जे कानावर पडलं, त्यात हे मगबूनचं वचन मला फारसं आठवत नाही. कायम ऐकलं ते दुसरं. आजारपणात गुनाह झडतात, झाडाची पानं झडावीत तसे. साधा काटा टोचला तरी त्याचंही मोल आहे. हेही बुखारीतच आहे. माझी दादी गुडघेदुखीने रात्र-रात्र जागायची, तेव्हा हातात तसबीह घेऊन हेच पुटपुटायची. तिला त्यातून जे बळ मिळत होतं ते कुठल्याही बामच्या बाटलीत नव्हतं. त्यावर शंका घेणारी मी कोण?

अडचण पुढे आहे. आमच्या नात्यातल्या एका खालांनी पोटातलं दुखणं आठ महिने अंगावर काढलं. तेव्हा आजूबाजूची धडधाकट माणसंही त्यांना तेच ऐकवत होती. सब्र करो. डॉक्टरकडे न्यायला रिक्षा लागते, पैसे लागतात, कुणाची तरी एक दिवसाची सुट्टी लागते. सब्र सांगायला काहीच लागत नाही. माझ्या हिंदू मैत्रिणींच्या घरी याच जागी ‘भोग’ हा शब्द येतो. शब्द बदलतो, बाईने दुखणं अंगावर काढायचं ही रीत काही बदलत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सब्र हा आजारी माणसाने स्वतःशी बोलायचा शब्द आहे. निरोगी माणसाने तो दुसऱ्याच्या अंगावर टाकला, की ती निव्वळ टाळाटाळ होते. आणि यासाठी मला धर्माबाहेर जायची गरज नाही. वाळवंटातल्या काही लोकांनी पैगंबरांना विचारलं होतं, की आम्ही औषधोपचार घ्यावेत का? उत्तर होतं, घ्या, कारण म्हातारपण सोडलं तर अल्लाहने इलाज न ठेवलेला आजारच नाही. म्हणजे इलाज शोधणं हे श्रद्धा कमी असल्याचं लक्षण अजिबात नाही.

तरीही कुणी ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणालं, तर मी त्यांना खलिफा उमर यांचा किस्सा सांगते. उमर सीरियाकडे निघाले होते. वाटेत सर्घ नावाच्या ठिकाणी कळलं, की पुढे प्लेगची साथ आहे. इतिहासात अमवासचा प्लेग म्हणतात तो हाच, इ.स. ६३९ च्या सुमाराचा. उमरनी सोबतच्या लोकांशी सल्लामसलत केली. एका गटाने नाही, तीन वेगवेगळ्या गटांना बोलावून विचारलं, मतं जुळेनात, तरी विचारत राहिले. शेवटी परत फिरायचं ठरलं. तेव्हा सेनापती अबू उबैदा यांनी टोकलं, की अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळता काय? उमर म्हणाले, हो, त्याच्याच एका नशिबाकडून त्याच्याच दुसऱ्या नशिबाकडे. मग त्यांनी उंटांचं उदाहरण दिलं. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर तू उंट कुठे चारशील? जिथे चारशील तिथे अल्लाहच्या मर्जीनेच ना? नंतर अब्दुर्रहमान बिन औफ आले आणि त्यांनी पैगंबरांची आज्ञा सांगितली, साथ असेल त्या गावात जाऊ नका आणि तुमच्या गावात आली तर गाव सोडून पळू नका. लॉकडाऊनमध्ये हे वचन व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं फिरलं, की पाठ झालं. उंटांची गोष्ट मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही. माझ्या मते तीच जास्त कामाची. अबू उबैदा पुढे त्याच साथीत गेले.

आता उलट टोकाचे लोक. आपल्यात ‘ग्राइंड’वाले असतात ना, चार तास झोप, पहाटे पाचला जिम, दोन इंटर्नशिप, तसा एक तरुण पैगंबरांच्या काळातही होता. अब्दुल्लाह बिन अम्र. रोज रोजा, रोज रात्रभर नमाज. पैगंबरांनी त्याला समजावलं, की तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, डोळ्यांचा आहे, बायकोचा आहे, भेटायला येणाऱ्यांचाही आहे. महिन्याला तीन रोजे पुरे. हा म्हणतो, मला झेपतं. घासाघीस होत होत अखेर एक दिवसाआड रोजा ठरला. म्हातारपणी शरीर थकल्यावर हेच अब्दुल्लाह म्हणायचे, ती सवलत तेव्हाच घेतली असती तर बरं झालं असतं. हा प्रसंग मला भयंकर आवडतो, कारण यात चांगल्या कामासाठी शरीर मोडणाऱ्यालाही शाबासकी मिळालेली नाही.

हेच मनाच्या आजाराला लावून बघा. डिप्रेशन म्हटलं, की ‘ईमान कमजोर आहे’ असं बेधडक सांगणारे भेटतात. दहाव्या शतकात वारलेला बल्खचा विद्वान अबू झैद अल-बल्खी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहून गेला. अचानक गरज पडेल म्हणून आपण घरात औषधं ठेवतो, तसे मन ढासळेल त्या वेळेसाठी चांगले विचार आधीच साठवून ठेवा, असा त्याचा सल्ला होता. त्याने मनाला आजार होतो हे मान्य केलं होतं. आपण अजून ‘ड्रामा करते’वरच आहोत.

आणखी एक वचन, खास अटेंडन्सवाल्यांसाठी. माणूस आजारी पडला, की निरोगी असताना तो जी चांगली कामं करायचा, ती त्याच्या खात्यात जमा होत राहतात. मेडिकल सर्टिफिकेट न देता हजेरी! पण ज्या तासाला तुम्ही कधी बसतच नव्हता, त्याची हजेरी कशी लागणार? रमजानमध्ये आजारी माणसाला रोजाची सूट कुरआननेच दिलीय, बरं झाल्यावर भरून काढायचा. तरी शुगर खाली जाऊन चक्कर येईपर्यंत रोजा रेटणाऱ्या मुलीचं कौतुक होतं आणि सूट घेणारी कोपऱ्यात लपून पाणी पिते.

मग निरोगी माणसाने करायचं काय? ‘सहीह मुस्लिम’मध्ये कयामतच्या दिवसाचा एक संवाद आहे. अल्लाह माणसाला विचारतो, मी आजारी होतो, तू का नाही आलास? माणूस गोंधळतो, तू तर साऱ्या जगाचा मालक, तू कसा आजारी? उत्तर येतं, माझा अमुक बंदा आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मी तिथेच भेटलो असतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या हॉस्टेलवर एका मुलीला डेंग्यू झाला. मेसचा डबा, रिपोर्ट आणायची फेरी, रात्री ताप मोजणं, हे तिघींनी वाटून घेतलं. त्यातली एक मुस्लिम, दोघी नव्हत्या. ग्रुपवर ‘गेट वेल सून’चे स्टिकर चाळीसच्या वर पडले होते.