पत गमावण्याचा खेळ

बेगमपेठच्या हैदराबाद पब्लिक स्कूलमध्ये शिकलेले सत्या नाडेला २०१४ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्ट या बलाढ्य अमेरिकन कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा हैदराबादकरांना झालेला आनंद स्वाभाविकच होता. परंतु त्यांच्या पदरी जो वारसा आला त्यात एक जुने दुखणेही होते. ते म्हणजे टीव्हीला जोडून खेळावयाचे एक्सबॉक्स हे यंत्र.

२००५ साली आलेल्या 'एक्सबॉक्स ३६०' मध्ये मोठा दोष निघाला. तांबडे दिवे लागत आणि यंत्र बंद पडे. २००७ मध्ये कंपनीने हमीची मुदत तीन वर्षांची केली व त्यापोटी १०० कोटी डॉलर्सहून अधिक रक्कम बाजूस काढली. चूक पदरात घेतली म्हणून गिऱ्हाईक टिकले.

२०१३ साली मात्र जे घडले तो यंत्राचा दोष नव्हता, बुद्धीचा होता. नव्या 'एक्सबॉक्स वन'ला दर चोवीस तासांनी इंटरनेटची हजेरी सक्तीची, आणि विकत घेतलेली खेळाची तबकडी उसनी देण्यावर वा जुनी म्हणून विकण्यावर बंधने! पुस्तक आपण पैसे मोजून घ्यावे आणि शेजाऱ्यास वाचावयास देताना प्रकाशकाची परवानगी मागावी, अशातलाच हा प्रकार. शिवाय किंमत ४९९ डॉलर्स. प्रतिस्पर्धी सोनीचे यंत्र ३९९ ला. सोनीने तर तबकडी मित्राच्या हाती कशी द्यावी, हे दाखविणारी एक छोटी चित्रफीतच काढली. ओरड एवढी झाली की जूनमध्येच कंपनीला ही बंधने मागे घ्यावी लागली. पण ग्राहकाच्या मनात बसलेली अढी परिपत्रकाने निघत नसते.

हे नाडेलांच्या आधीचे, हे खरे. पुढचे निर्णय मात्र त्यांच्याच कारकीर्दीतले आहेत, आणि 'आपला माणूस' म्हणून त्यांवर पांघरूण घालणे आम्हांस मान्य नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात सुमारे ६,९०० कोटी डॉलर्स मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी घेतली; तीन महिने उलटतात न उलटतात तोच खेळविभागातील १,९०० जणांना घरी पाठविले. २०२४ च्या मे महिन्यात टोकियोची टँगो गेमवर्क्स ही संस्था बंद करण्याचे जाहीर केले. तिच्या 'हाय-फाय रश' या खेळाची वाहवा होऊन फार काळ लोटला नव्हता. २०२५ च्या ऑक्टोबरात 'गेम पास'च्या सर्वांत वरच्या श्रेणीची अमेरिकेतील मासिक वर्गणी २० डॉलर्सवरून ३० वर नेली.

मायक्रोसॉफ्टने टाकून दिलेल्या त्या टोकियोच्या संस्थेची मंडळी आणि तिचा खेळ २०२४ च्या ऑगस्टमध्येच क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीने आपल्याकडे घेतला.