यादी फेकून द्या

‘अस्खलित इंग्रजी बोलायचंय? हे १०० फ्रेजल व्हर्ब्ज पाठ करा.’ हे वाक्य तुम्ही रीलमध्ये ऐकलं असेल, स्पोकन इंग्लिशच्या क्लासच्या पत्रकावर वाचलं असेल, नाहीतर शाळेच्या गाइडच्या शेवटच्या पानांवर पाहिलं असेल. गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, गिव्ह इन म्हणजे शरण जाणे, गिव्ह अवे म्हणजे वाटून टाकणे. अशी ए पासून झेडपर्यंत. माझं म्हणणं सरळ आहे: या यादीने फायदा होत नाही, नुकसान होतं. आणि ते नेमकं त्यांचंच होतं, ज्यांच्या भल्यासाठी ती छापली जाते.

आमच्या टीममध्ये तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेली एक मुलगी आहे. कोड असा लिहिते की रिव्ह्यू करणाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळत नाही. पण सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये ती दोन वाक्यांत आवरतं घेते. अप्रेझलमध्ये तिला शेरा मिळाला, ‘कम्युनिकेशन सुधारा’, आणि सोबत एक पीडीएफ: ३०० फ्रेजल व्हर्ब्ज. तिने इमानदारीत पाठांतर सुरू केलं. दोन महिन्यांनी ती आधीपेक्षा कमी बोलायला लागली. कारण आता प्रत्येक वाक्याच्या दारात एक रखवालदार उभा आहे: पुट ऑफ, पुट आउट की पुट अप?

गोंधळाचं मूळ आपल्या शाळेतल्या एका ओळीत आहे: ‘प्रीपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय.’ मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतं. टेबलावर, झाडाखाली, घरासमोर. ‘ऑन द टेबल’पर्यंत हे समीकरण छान चालतं. मग ‘गिव्ह अप’ येतं आणि पुढे नामच नाही. हे ‘अप’ कोणाला चिकटलं? उत्तर मिळत नाही, म्हणून मास्तर म्हणतात, ‘पाठ करा, इंग्रजीला लॉजिक नसतं.’

लॉजिक आहे. ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’ ही वाक्यं दिसायला जुळी आहेत. पहिल्यात तो टेकडीवर धावत गेला, दुसऱ्यात त्याने बिल फुगवून ठेवलं. आता हिल आणि बिलच्या जागी ‘इट’ ठेवा. टेकडीसाठी ‘रॅन अप इट’ म्हणाल, बिलासाठी ‘रॅन इट अप’. म्हणजे पहिलं ‘अप’ टेकडीचं आहे, दुसरं ‘रन’चं. पार्सर लिहिणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर शब्द तेच, कंस वेगळ्या जागी. कानालाही हा फरक कळतो. ‘टर्न इट ऑफ’मधल्या ‘ऑफ’वर जोर पडतो, ‘लुक ॲट इट’मधल्या ‘ॲट’वर सहसा पडत नाही. यादीत ना कंस दिसतो, ना जोर ऐकू येतो.

क्रियापदाला चिकटून त्याचा अर्थ वळवणारा शब्द आपल्याला नवा आहे का? आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. धातू एकच, उपसर्ग बदलला की जेवणाचं युद्ध होतं. संस्कृतमध्ये तो क्रियापदाच्या पुढे जोडून येतो. ऋग्वेदाच्या भाषेत तर तो क्रियापदापासून लांब, सुटाही उभा राहतो. इंग्रजीतही एकेकाळी असे शब्द क्रियापदाच्या आधी जोडण्याची पद्धत जोरात होती. ‘अंडरस्टँड’, ‘ओव्हरकम’, ‘विथस्टँड’ ही त्याचीच शिल्लक. पुढे हे शब्द क्रियापदाच्या मागे जायची रीत वाढली. शिंग गेलं, शेपूट आलं, एवढंच. परक्यांना हे शेपूट जड जातं हे डॉ. जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं होतं. म्हणजे अडखळणारे आपण पहिले नाही.

आणि संस्कृतपर्यंत जायचीही गरज नाही. या लेखाचं शीर्षक बघा. ‘फेकून द्या.’ यात कोण कोणाला काय देतंय? ‘बोलून गेला’ म्हणताना तो कुठेच गेलेला नसतो, ‘बोलून बसला’ म्हणताना तो उभाही असू शकतो. ‘करून टाक’, ‘करून ठेव’, ‘करून घे’, ‘करून दे’, ‘करून बघ’. काम एकच, पण उरक, तयारी, स्वतःचा फायदा, दुसऱ्याचा फायदा, अंदाज या सगळ्या छटा त्या दुसऱ्या छोट्या क्रियापदाने येतात. इंग्रजी हे काम ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’कडून करून घेते. ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘फिल अप’, ‘क्लीन अप’ यांतला ‘अप’ काम पुरतं उरकल्याचं सांगतो, जवळजवळ आपल्या ‘टाक’सारखा. ‘कट ऑफ’, ‘टेक ऑफ’, ‘लॉग ऑफ’मध्ये काहीतरी सुटं होतं. ‘कॅरी ऑन’, ‘गो ऑन’, ‘कीप ऑन’मध्ये काहीतरी चालूच राहतं. ही जुळणी शेपटाप्रमाणे केली तर दिसते. यादी मात्र डोक्याप्रमाणे, म्हणजे गिव्ह, गेट, पुट अशी लावलेली असते. ज्या बाजूला अर्थाचा धागा आहे, तीच बाजू यादी विस्कटून टाकते.

यावर कोणी म्हणेल, ‘पुट अप विथ’चं काय? त्यात कुठला धागा? मान्य, काही जोड्या अर्थाने बंद कुलपासारख्या असतात. पण मग ‘वेळ मारून नेणे’, ‘डाव हाणून पाडणे’, ‘मागणी उडवून लावणे’ हे काय सुट्या भागांवरून कळतं? आपण ते ३००च्या यादीतून शिकलो नाही. आजीच्या, शेजाऱ्यांच्या, पेपरच्या वाक्यांतून शिकलो.

शेवटच्या ‘विथ’चंही तेच. आपण कोणावर चिडतो, कोणाला कंटाळतो, कोणाशी भांडतो. ‘वर’, ‘ला’, ‘शी’ क्रियापदाने ठरवून दिलेले आहेत, जसं फंक्शनने आपला आर्ग्युमेंट ठरवावा. ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑफ’, ‘लुक फॉरवर्ड टू’ तशीच फंक्शन्स आहेत. ईमेलमध्ये ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिलं की हसतात, ‘टू मीटिंग यू’ का ते सांगत नाहीत. हा ‘टू’ ‘लुक फॉरवर्ड’चा आहे आणि त्याला पुढे नाम लागतं. आपणही ‘भेटायला वाट बघतोय’ म्हणत नाही. ‘भेटण्याची वाट बघतोय’ म्हणतो. वाट बघण्याला ‘ची’ लागतो आणि त्या ‘ची’आधी नाम. एका मिनिटाची गोष्ट आहे. पण त्यासाठी मराठीचं नाव घ्यावं लागतं, आणि इंग्रजीच्या वर्गात तेच निषिद्ध.

‘कोप अप विथ’ या बदनाम चुकीकडेही नीट बघा. बरोबर रूप ‘कोप विथ’. मग ‘अप’ येतो कुठून? ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’, ‘पुट अप विथ’ कानावर पडल्यामुळे. बोलणाऱ्याने नमुना ओळखला आणि एक पाऊल जास्त टाकलं. ही चूक बिनडोकपणाची खूण मुळीच नाही. ज्याला भाषेचा साचा सापडलाय, तोच ती करतो.

महाराष्ट्रात २००० पासून सगळ्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे माझ्या वयाच्या मराठी माध्यमातल्या पोरांनी दहा वर्षं इंग्रजी विषय घेतला. तरी मुलाखतीच्या आदल्या रात्री त्यांच्या हातात यादीच असेल, तर दोष त्यांच्या मेंदूत शोधू नका. पुण्यात हीच पोरं जर्मन शिकतात तेव्हा ‘आउफश्टेहेन’चा ‘आउफ’ सुटून वाक्याच्या शेवटी जातो, हे त्यांना पहिल्याच पातळीवर रीतसर, कारणासकट शिकवतात. जर्मनमध्ये जो नियम असतो, तो इंग्रजीत ‘नेटिव्ह फील’ कसा होतो?

कारण ‘नेटिव्ह फील’ विकता येतो. ‘वी पोस्टपोन्ड द रिलीज’ म्हटलं तर कोणाला कळलं नाही? ‘पुट ऑफ’ म्हटल्याने रिलीज आणखी पुढे जात नाही. ज्या मॅनेजरला ‘पोस्टपोन’ ऐकून कम्युनिकेशन कच्चं वाटतं, तो भाषा तपासत नसतो, तुमची शाळा तपासत असतो.

तेव्हा करायचं काय? वाक्यं ऐका, वाचा. रोजच्या स्क्रीनपासून सुरू करा: ‘लॉग इन टू द सर्व्हर’ यात ‘इन’ लॉगचा, ‘टू’ सर्व्हरचा. नवी जोडी भेटली की शेपटाखाली लिहा, अख्ख्या वाक्यासकट, ‘इट’ कुठे बसतो ते बघून. शेजारी मराठी वाक्य लिहायला लाजू नका. आणि स्टँडअपला ‘पोस्टपोन’ म्हणा, खणखणीत म्हणा, वाक्य पूर्ण करा. तिलाही मी हेच सांगतोय.