गहाळ

गेल्या महिन्यात एसटी स्टँडवर माझा मोबाइल गेला. गेला म्हणजे मारला. गाडीत चढताना मागून दोघांनी रेटलं, तिसऱ्यानं काम केलं. ३५ वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाला हे उमगलं ते सीटवर बूड टेकल्यावर. उतरलो आणि तडक ठाण्यात गेलो. कुठलं ठाणं ते सांगत नाही. सांगून फरकही पडणार नाही, कारण तुमच्या गावातलंही तसलंच असणार.

ठाणे अंमलदाराच्या खुर्चीवर तिशीतला पोरगा होता. त्यानं नीट ऐकून घेतलं, बसायला सांगितलं, पाणी विचारलं. आमच्या वेळी एवढंही नव्हतं, हे आधीच कबूल करतो. मग स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "काका, गहाळ लिहूया का? लगेच दाखला मिळेल. सीईआयआर पोर्टलवर टाकला की हँडसेट ब्लॉक, सिमकार्डही नवं मिळतं. चोरी लिहिली तर उगाच तुम्हालाच हेलपाटे."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. वाक्य माझं होतं. ते सीईआयआर तेवढं सोडा, बाकी शब्दन्‌शब्द माझा. 'उगाच तुम्हालाच हेलपाटे' यातला तो काळजीचा सूर, तोसुद्धा माझाच. १९८४ साली शिपाई म्हणून भरती झालो, २०१९ साली सहायक उपनिरीक्षक म्हणून घरी आलो. हवालदाराची फीत लागल्यापासून बरीचशी वर्षं त्याच खुर्चीवर गेली. हे वाक्य मी हजारदा बोललो असेन, आणि नवी पोरं हाताखाली आली की त्यांना पहिलं तेच शिकवलं.

आमच्यातला माणूस निवृत्त झाला की त्याला कणा फुटतो. शाल-श्रीफळ घेतलं, माइक हातात आला, की साहेब सांगू लागतात की राजकीय दबाव नसता तर आम्ही काय काय केलं असतं. समोरचे माना डोलावतात. पुढाऱ्याला शिव्या घालायला कुणाला आवडत नाही? मीही असे दोन-तीन सत्कार घेतले आणि हेच भाषण ठोकलं. आता जीभ विटली म्हणून लिहितो आहे.

दबाव असतो. नाही असं म्हणणारा लबाड. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सात आदेश दिले, त्यांत अधिकाऱ्यांना निदान दोन वर्षं एका जागी राहू द्या, हे होतं. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून ती मुदत कायद्यात घातली आणि शेजारीच 'अपवादात्मक परिस्थितीत, जनहितार्थ' मुदतीआधी बदली करण्याची वाटही ठेवली. मग जनहित इतक्या वेळा उद्भवू लागलं की विचारू नका. हे सगळं खरं. पण माझ्या ३५ वर्षांत एकाही आमदारानं मला फोन करून सांगितलं नाही, की हवालदार, त्या बाईच्या शेळ्या चोरीला गेल्यात ते लिहून घेऊ नका. ते आम्ही आमच्या मनानं केलं.

शेळ्यांचं उदाहरण हवेतलं नाही. १९९२ चा उन्हाळा, तालुक्याचं ठाणं, मी ठाणे अंमलदाराचा मदतनीस. एक बाई ११ किलोमीटर चालत आली. दोन शेळ्या आणि एक बोकड, रात्रीतून दाव्यासकट नेलेले. बाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनविसाकडून तिनं अर्ज लिहून आणला होता. मी तो घेतला आणि 'चौकशीवर ठेवतो' म्हणालो. चौकशीवर ठेवणं म्हणजे लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवणं. आठवड्यानं ती पुन्हा आली. 'संशय कुणावर?' मी विचारलं. तिनं नाव घेतलं नाही, तेव्हा 'मग आम्ही काय ज्योतिषी आहोत काय' असं वर तिलाच सुनावलं. तिसऱ्या खेपेला ती शेळ्यांसाठी आली नव्हती. म्हणाली, "दादा, त्यो कागद तरी माघारी द्या. लिवायला धा रुपयं पडलं." मी कपाट उपसलं. कागद सापडला नाही. गहाळ झाला होता.

आता यात कुठला मंत्री होता? कुठला दबाव होता?

दबाव होता तो एका तक्त्याचा. दर महिन्याला क्राईम मीटिंग होते. तिथं प्रत्येक ठाण्याचा तक्ता उघडतात : या महिन्यात चोऱ्या किती, गेल्या वर्षी याच महिन्यात किती, उघडकीला आल्या किती. आकडा चढला की प्रभारी अधिकाऱ्याला भर सभेत उभं करतात. "काय चाललंय तुमच्या ठाण्यात?" तो परत येतो तो आमच्यावर उखडायलाच. हिशोब पाचवीच्या पोराला जमेल असा आहे. समजा २० चोऱ्या झाल्या आणि ६ उघड झाल्या. वीसही लिहिल्या तर उघडकीचं प्रमाण ३० टक्के. दहाच लिहिल्या तर ६० टक्के. चोर तेवढेच, माल तेवढाच, तपास तेवढाच, पण साहेब नापासाचे पहिल्या वर्गात. आणि ही दुप्पट कर्तबगारी केली कुणी? पेन न उचलणाऱ्या अंमलदारानं. यातूनच आमच्याकडची ती अजब रीत निघाली : आधी चोर सापडतो, मग चोरी होते. टोळी हाती लागली, तिच्या घरात वीस मोबाइल मिळाले, की मग गहाळवाल्यांना एकेक करून फोन जातात, "या हो, तुमची फिर्याद घ्यायची आहे." दुसऱ्या दिवशी पेपरात टेबलावर मांडलेल्या मोबाइलांमागे साहेब उभे.

मारामारीचं औषध वेगळं. जुन्या दंड संहितेतली कलमं ३२३, ५०४, ५०६. हे तीन आकडे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिपायाला झोपेतून उठवून विचारा. दुखापत, शिवीगाळ, धमकी. एनसी फाडायची, प्रत हातात द्यायची आणि सांगायचं, अदखलपात्र आहे, कोर्टात जा. नवऱ्यानं फुंकणीनं हात मोडलेली बाईसुद्धा या तीन आकड्यांत बसवता येते. फ्रॅक्चरचा दाखला यायच्या आत लिहून मोकळं झालं म्हणजे झालं. मी बसवल्या आहेत. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, आकडे बदलून ११५, ३५२, ३५१ झाले. आमची पोरं हुशार, आठवड्यात पाठ केले. आणि हो, आमच्याच अंगावर कुणी आवाज चढवला, कॉलरला हात घातला, तर सरकारी कामात अडथळ्याचं ३५३ दहा मिनिटांत लागायचं. तेव्हा ना शाई संपली, ना सर्व्हर बंद पडला.

कायदा कमी पडला म्हणावं तर तसंही नाही. २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगून टाकलं, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर घेतलाच पाहिजे, प्राथमिक चौकशीची सवलत मोजक्या प्रकरणांपुरती. त्याच वर्षी महिलांवरच्या ठरावीक गुन्ह्यांत फिर्याद न घेणाऱ्या पोलिसाला कैदेची तरतूद झाली. त्या कलमाखाली आत गेलेला सहकारी मला तरी भेटला नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं झिरो एफआयआर कायद्यात आणला, छान झालं. पण त्याच कलमात, तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीनं १४ दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभाही घातली. साधी चोरी बरोबर त्यात बसते. घटनापीठानं जे कपाट बंद केलं होतं, त्याचा खालचा कप्पा संसदेनं पुन्हा उघडून दिला. शिवाय पाच हजारांखालची चोरी नव्या परिशिष्टात अदखलपात्राच्या रकान्यात जाऊन बसली. मी त्या पोराला ठासून म्हणालो, "गहाळ नाही, चोरीच लिही," तेव्हा त्यानं काय विचारावं? "हँडसेट जुना आहे ना काका? मग किंमत साडेचार हजार टाकू." गड्यानं दोन वर्षांत कायद्याचा कस काढला होता. माझ्या तालमीतला असता तर मला अभिमान वाटला असता.

आता कुणी म्हणेल, बारा-बारा तास राबणाऱ्या शिपायाकडून आणखी काय अपेक्षा करता? ते मला सांगू नका. गणपतीचे दहा दिवस चौकात उभा राहिलो आहे, आषाढीला पंढरपुरात शाळेच्या फरशीवर झोपलो आहे, आणि पोरीच्या दहावीचा निकाल वायरलेसच्या गाडीत बसून ऐकला आहे. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतल्या शिपायांनी आपलं म्हणणं मांडायला बंड केलं, तर लष्कर बोलावलं गेलं आणि संघटनाच मोडली गेली. मी भरती झालो तेव्हा जुने हवालदार त्याबद्दल दारं लावून बोलायचे. तेव्हापासून आम्हाला तोंड नाही. आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यात सुरू झाला, तोही एका शिपायानं कागदावर गणित मांडून दाखवलं म्हणून. त्याआधी तेवढी बेरीज-वजाबाकी कुणा वरिष्ठाला सुचली नव्हती. हे सगळं मान्य. पण शेळीवालीचा एफआयआर लिहायला मला वीस मिनिटं लागली असती, आणि त्या दुपारी मी पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो. थकव्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. ती पुन्हा येईल, आली तरी काही करू शकणार नाही, एवढं मला ठाऊक होतं. बस्स.

सगळ्यात चीड येते ती सत्काराच्या भाषणात तुकाराम ओंबळेंचं नाव आलं की. माझ्याच हुद्द्याचा माणूस. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यानं कसाबच्या रायफलीची नळी धरली ती सोडली नाही; अंगावर गोळ्या घेतल्या म्हणून कसाब जिवंत सापडला. अशोकचक्र मिळालं ते ओंबळेंना, आम्हाला नव्हे. पण दरवर्षी त्या तारखेला आम्ही सगळे त्यातला एकेक तुकडा आपल्या छातीला लावून घेतो. 'आमच्या खात्यानं' असं म्हणतो. खात्यानं काय केलं? मी त्या आठवड्यात मुद्देमालाच्या खोलीशेजारी बसून एका पाकीटमारीचं गहाळ केलं. तेही खात्यातच जमा धरा.

आणि वाचकहो, तुम्हीही फार साजूक होऊ नका. जिल्ह्यात गुन्ह्यांचा आकडा वाढला की तुम्हीच 'गुन्हेगारीनं डोकं वर काढलं' असा मथळा वाचून च्‌ च्‌ करता. अधिवेशनात विरोधक तोच आकडा फडकवतात, आणि सत्तेत गेल्यावर तोच झाकतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल आला की केरळचा गुन्हेदर पाहून लोक तोंडात बोटं घालतात. तिथं लिहून घेतात म्हणून तो दिसतो, ही शंका फारशा कुणाला शिवत नाही. ज्या ठाण्याचा आकडा वाढेल त्या अधिकाऱ्याला 'शाब्बास, दार उघडं ठेवलंस' म्हणणारा वरिष्ठ मला पूर्ण नोकरीत एकच भेटला. सव्वा वर्षात त्यांची बदली झाली. जनहितार्थ.

शेवटी त्या पोराला मी ओळख सांगितली. बक्कल नंबर, निवृत्तीचा हुद्दा, सगळं. तो ताडकन उभा राहिला. "सर, आधी सांगायचं ना!" चहा आला. चोरीचं ३०३(२) लागलं, किंमत खरी लागली, चाळीस मिनिटांत सहीशिक्क्याची प्रत हातात. जे कुणालाही फुकट मिळायला हवं ते मला वशिल्यानं मिळालं, आणि मी ते घेतलं.

उठलो तर मागे एक बाई उभी होती. हातात भाजीची पिशवी, तिचाही मोबाइल त्याच स्टँडवर गेलेला. पोरगा तिच्याकडे वळला. "ताई, गहाळ लिहूया का? उगाच तुम्हालाच हेलपाटे."

"गहाळ म्हंजे काय, सायेब?"

तो उत्तर देण्याआधी क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मी एफआयआरची प्रत घडी करून खिशात घातली आणि बाहेर पडलो.