उद्या पहाटे ५.२७ वाजता

जुलै उजाडला की एक संदेश न चुकता गावोगावच्या मोबाइलवर येतो. उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांनी पृथ्वी सूर्यापासून फार दूर जाणार, ही घटना डोळ्यांना दिसणार नाही पण तिचा परिणाम जाणवेल, ऑगस्टपर्यंत हवा कधी नव्हे इतकी थंड राहील आणि त्यामुळे अंगदुखी, घसा धरणे, ताप, खोकला, धाप असा त्रास होईल, असे त्यात म्हटलेले असते. सोबत निळ्या-काळ्या आकाशात लांब फेकल्या गेलेल्या पृथ्वीचे एक सुरेख चित्र असते. घटनेचे नाव बहुतेक वेळा ‘अल्फेलियन’ असे चुकीचेच लिहिलेले असते. मूळ शब्द अपहेलियन, मराठीत अपसूर्य. तारीख कधीच नसते, फक्त ‘उद्या’. हा शब्द शिळा होत नाही, म्हणून संदेशही होत नाही.

यातले आकडे तपासण्यासारखे आहेत, कारण ही थाप निव्वळ कल्पनेतली नाही. पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. संदेशात जुलैचे अंतर १५ कोटी २० लाख दिलेले असते. म्हणजे तो आकडा बरोबर. खोट आहे ती दुसऱ्या आकड्यात. एरवी हे अंतर ९ कोटी किलोमीटर असते, सबब ६६ टक्के वाढ झाली, असे तिथे सांगितलेले असते. सरासरी अंतर ९ कोटी ३० लाख आहे खरे, पण मैल. कोणीतरी मैलांना किलोमीटर केले असावे आणि पृथ्वीला शुक्राच्याही आत नेऊन बसवले. प्रत्यक्षातला फरक ५० लाख किलोमीटरचा, जेमतेम साडेतीन टक्क्यांचा. सूर्याचा प्रकाश जानेवारीत ८ मिनिटे ११ सेकंदांत पोहोचतो, जुलैत ८ मिनिटे २७ सेकंदांत. सोळा सेकंदांच्या फरकाने घसा धरत नाही.

आणि खानदेशातल्या माणसाला तर यासाठी दुर्बीण किंवा पुस्तक लागू नये. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते त्या जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकड्यावर येतो आणि पिंपळनेर पट्ट्यात पहाटे शेकोट्या पेटतात. पृथ्वी दूर दूर जात असते त्या मे महिन्यात तापीकाठ भाजून निघतो. ऋतू अंतराने ठरत नाहीत, पृथ्वीच्या साडेतेवीस अंशांच्या कलाने ठरतात. साक्री तालुका साधारण २१ अंश उत्तरेला आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत गारवा येतो तो ढगांमुळे आणि पावसामुळे. ज्याने भाताचे रोप लावताना पाठीवर पाऊस घेतला आहे, त्याला हे सांगावे लागू नये. तरी सांगावे लागते, कारण मोबाइलवर आलेले चित्र स्वतःच्या पाठीपेक्षा खरे वाटू लागले आहे.

हा संदेश निरुपद्रवी करमणूक म्हणून सोडून देता आला असता. पण त्याने निवडलेली लक्षणे पाहा. ताप, अंगदुखी, खोकला, धाप. जुलै-ऑगस्ट हे हिवतापाचे, डेंग्यूचे, न्यूमोनियाचे, गवत-झुडपांतल्या किड्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसचे महिने. या दिवसांत ताप येणारच आणि संदेश आपोआप ‘खरा’ ठरणार. मग जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा, ऑगस्टमध्ये थांबेल, असा सल्ला मानणारा माणूस रक्त तपासायला येत नाही. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि घरचे निर्धास्त होतात. धोका नेमका तेव्हाच असतो. पोट खूप दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे, रुग्ण मलूल पडणे, यांतले एकही चिन्ह दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. स्क्रब टायफसवर डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध सरकारी केंद्रात मिळते, पण ते वेळेवर सुरू झाले तर. ‘ग्रहमानाचा ताप आहे, उतरेल’ म्हणून घरी काढलेले चार दिवस परत मिळत नाहीत.

ग्रहणाची गोष्ट याहून जुनी, आणि मोबाइलने तिला नवी ताकद दिली आहे. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झाले. सावली चंद्रावर सरकू लागल्यापासून पूर्ण उतरेपर्यंत सुमारे साडेतीन तास गेले. त्यात सुतकाचे तास मिळवले की गरोदर बाईच्या अन्नपाण्याशिवायच्या वेळेचा हिशेब फार मोठा होतो. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात आणि शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा आजार घरोघरी ठाऊक आहे. या आजारात शरीरातले पाणी कमी झाले की तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. गरोदरपणात तो आई व बाळ दोघांनाही महागात पडतो. अशा बाईला ‘ग्रहण आहे, पाणी घेऊ नको’ म्हणणे हा श्रद्धेचा प्रश्न राहत नाही. बाळाचा ओठ फाटलेला निघाला की बोट ग्रहणात भाजी चिरण्याकडे दाखवले जाते. ओठ आणि टाळू गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात. त्यात बिघाड होण्यामागे आनुवंशिकता, काही औषधे, तंबाखू अशी कारणे आढळतात. विळी-चाकूचा संबंध आजवर कुठल्याही शास्त्राला सापडलेला नाही.

आता चित्रांकडे. दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा भारत म्हणून एक रंगीबेरंगी चित्र दरवर्षी फिरते आणि ‘नासा’चे नाव त्याला चिकटलेले असते. ते चित्र दिवाळीचे नाही. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी १९९२ ते २००३ या काळात टिपलेल्या रात्रीच्या उजेडावरून तिथल्या शास्त्रज्ञांनी ते तयार केले होते. जुने दिवे पांढरे, पुढे वाढत गेलेले दिवे वेगवेगळ्या रंगांत. वीज आणि वस्ती कुठे वाढली हे दाखवण्यासाठी. नासाने नोव्हेंबर २०१२ मध्ये दिवाळीच्या सुमाराचे खरे चित्र प्रसिद्ध केले आणि पणत्या-फटाक्यांचा जादा उजेड अंतराळातून जवळजवळ कळूनही येत नाही, असे सांगितले. ते साधे चित्र अर्थातच कोणी पुढे पाठवले नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. रंग भरलेले चित्र म्हणजे खोटे चित्र, असे नाही. जेम्स वेब दुर्बीण अवरक्त प्रकाश टिपते, तो डोळ्यांना दिसतच नाही. शास्त्रज्ञ त्याला रंग देतात आणि कोणता रंग कशासाठी ते लिहूनही ठेवतात. सोनोग्राफीच्या डॉपलर तपासणीत लाल-निळे पट्टे दिसतात तेही रक्ताचे खरे रंग नसतात. तपासणीच्या यंत्राकडे येणारा प्रवाह सहसा लाल आणि दूर जाणारा निळा, एवढाच तो संकेत. खोटेपणा रंगात नसतो. तो चित्राखाली लिहिलेल्या ओळीत असतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. देश आनंदात असतानाच चंद्राच्या मातीवर राजमुद्रा आणि इस्रोचे बोधचिन्ह ठसठशीत उमटल्याचे चित्र सगळीकडे पोहोचले. प्रज्ञान रोव्हरच्या चाकांवर ती चिन्हे होती हे खरे, पण ते चित्र संगणकावर केलेली कलाकृती होती. खरे छायाचित्र करड्या मातीचे, खड्ड्यांचे, थोडे अस्पष्ट. एवढ्या मोठ्या पराक्रमाला खोट्या चित्राची गरज काय होती, हे विचारण्याजोगे आहे. टाळेबंदीआधीच्या २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी टाळ्या-थाळ्यांच्या नादाने विषाणू क्षीण झाल्याचे नासाच्या उपग्रहाने टिपले, असाही संदेश सुशिक्षितांच्या गटांत फिरला. विषाणू उपग्रहातून दिसत नाही आणि थाळीला तो घाबरत नाही, हे पुढच्या दोन वर्षांनी फार वाईट रीतीने शिकवले. असे संदेश फक्त कमी शिकलेलेच पाठवतात, हा गैरसमज मात्र सोडलेला बरा. डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या, निवृत्त अधिकाऱ्यांच्या गटांत ते तेवढ्याच निष्ठेने येतात. नावामागे पदवी असली की त्याचे वजनही वाढते.

पिंपळनेरच्या परिसराला चित्राखालच्या खोट्या ओळीची किंमत इतर कोणापेक्षा जास्त माहीत आहे. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याच्या आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले पाच जण भिक्षेसाठी तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. त्या काळात फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीतली होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात, असे तीत दिसते. ती मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करणारी जाहिरात होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. दुसऱ्या एका चित्रफितीत ओळीने ठेवलेले मुलांचे मृतदेह होते. तो प्रसंग २०१३ मधल्या सीरियातील विषारी वायूच्या हल्ल्याचा, आणि त्यावर इथल्या मुलांच्या अपहरणाचे निवेदन चढवलेले.

अल्फेलियनचा संदेश आणि राईनपाड्याचा संदेश सारखे आहेत, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. एकाने ताप अंगावर काढला जातो, दुसऱ्याने पाच घरे उद्ध्वस्त झाली. पण दोन्हींची वाट एकच आहे. ओळखीच्या माणसाकडून आले, सोबत चित्र आहे, मुलाबाळांच्या काळजीचे आहे, पाठवायला पैसे लागत नाहीत आणि खोटे निघाले तर कोणी विचारत नाही. ही सवय ग्रहताऱ्यांच्या चित्रांवर विनासायास जडते, कारण तिथे चुकले तरी काही बिघडल्यासारखे वाटत नाही.

देशभर अशा हत्या झाल्यावर त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले. वेग कमी झाला असेल. मात्र त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेने मिनिटभरात खऱ्यासारखे चित्र आणि हुबेहूब आवाज तयार होऊ लागला. आता कापलेला शेवट शोधण्याचीही सोय नाही, कारण मूळ चित्रफीतच नसते.

शासनाचे उत्तर या सगळ्यात नेहमी उशिरा आणि भलत्या भाषेत येते. अफवा अहिराणीत, भिलीत, कोकणीत बोलते, कोण्या मामा-मावशीच्या आवाजात. खुलासा मात्र कार्यालयीन मराठीत, शिक्का मारलेल्या पत्राच्या पीडीएफमध्ये, चार दिवसांनी. गावातली आशा सेविका गरोदर बायांची नावे, त्यांच्या तारखा, कोणाला सिकलसेल आहे हे सारे जाणते. तिच्या फोनमध्ये सर्वांचे क्रमांक आहेत. तिच्याकडे तिच्याच बोलीत दोन वाक्यांचा ध्वनिसंदेश वेळेआधी पोहोचवणे आरोग्य विभागाला अवघड नाही. खर्चही नाही.

त्यासाठी तारीखही समोर आहे. २ ऑगस्ट २०२५ रोजी सहा मिनिटे जगभर अंधार होणार, अशी आवई उठली होती. त्या दिवशी काहीच झाले नाही. खरे ग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला आहे, सोमवारी. इजिप्तमध्ये लक्सरच्या आसपास सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकला जाईल. पश्चिम भारतात ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल, म्हणजे सूर्याचा काही भागच झाकला जाईल आणि अंधार होणार नाही. पावसाळा असल्याने खानदेशात ढग असण्याचीच शक्यता अधिक, म्हणजे बहुतेकांना ग्रहण दिसेल ते मोबाइलवरच, खरे-खोटे मिसळून. ढग फाटले तर पोरे घरातली जुनी एक्स-रे प्लेट शोधतील. ती वापरू नये, काजळी धरलेली काचही नाही. दृष्टिपटलाला दुखणे कळत नाही, तो भाजला तरी त्या क्षणी काही जाणवत नाही आणि गेलेली नजर परत येईलच असे नाही. सूर्यग्रहणासाठी बनवलेला प्रमाणित चष्माच हवा, नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर पडणारी सूर्याची प्रतिमा पाहावी. गरोदर बाईने त्या दुपारी नेहमीसारखे जेवावे, पाणी प्यावे, लोह आणि फोलिक आम्लाची गोळी चुकवू नये. कळा सुरू झाल्या तर ग्रहण सुटण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.