दारांची रुंदी ठरली, दिवसाचे काय?

ज्येष्ठ नागरिकांच्या गृहप्रकल्पांसाठी ‘महारेरा’ने २०२४ साली आदर्श मार्गदर्शक तत्त्वे आणली. दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद, जिने दीड मीटरपेक्षा अरुंद नकोत, चाकाची खुर्ची मावेल अशी लिफ्ट, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या. नुसती ‘ज्येष्ठांसाठी’ अशी पाटी लावून साध्याच सदनिका विकण्यास यामुळे आळा बसावा. हे स्वागतार्हच आहे. मात्र त्या रुंद दारातून बाहेर पडलेल्या माणसाने दिवसभर करायचे काय, हा प्रश्न बांधकामाच्या नियमांनी सुटणारा नाही.

त्यावर अनेक संकुलांचे उत्तर तयार असते : सकाळी योगासने, दुपारी कॅरम, संध्याकाळी भजन. भजनात रमणारे पुष्कळ असतात, त्यांचा प्रश्नच नाही. प्रश्न न रमणाऱ्यांचा आहे. तीस वर्षे बँकेत खाती जुळवलेल्या बाईंना टाळ हाती देण्याऐवजी संकुलाचा जमाखर्च तपासायला का बोलावू नये? एसटीच्या कार्यशाळेत इंजिने उघडलेल्या गृहस्थांना पाण्याचा पंप का दाखवू नये? प्रवेश अर्जात रक्तगट, औषधे आणि मुलांचे दूरध्वनी क्रमांक विचारले जातात. आयुष्यभराचे काम, आवड, नावड बहुधा नाही. त्यामुळे कालपर्यंतच्या ‘देशपांडे बाई’ अर्जावर सही करताच सरसकट ‘आजी’ होतात. त्यात माया असते, पण माणूस पुसला जातो.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कनेक्टिकटमधील एका शुश्रूषागृहात केलेला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने रोपटे स्वतः निवडायचे, स्वतः जोपासायचे. चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा तेही ठरवायचे. दुसऱ्या गटालाही रोपटे मिळाले, पण ते निवडले दुसऱ्यांनी आणि पाणी घातले परिचारिकांनी. तीन आठवड्यांत पहिला गट अधिक तरतरीत, अधिक मिसळणारा दिसला. (मृत्युदराबाबतच्या पुढील निष्कर्षात आकडेमोडीची चूक निघाली, तेव्हा त्याचा आधार नको.) दोन्हीकडे रोपटे होतेच, फरक होता तो निर्णय कोणाचा याचा.

व्यवस्थापकांची अडचणही खोटी नाही. सेवकवर्ग अपुरा असतो, टिकत नाही, आणि शंभर जणांसाठी एकच वेळापत्रक स्वस्त पडते. शिवाय निवड द्यायची म्हणजे धोकाही पत्करायचा : स्वतः चहा करू इच्छिणाऱ्याचा हात भाजू शकतो, आणि जाब विचारायला मुले परदेशातून फोन करतात. मग गॅसला हात लावू न देणेच सोयीचे ठरते. या सोयीची किंमत रहिवासी मोजतो. ती कोणत्याच देयकात दिसत नाही.

नमुना सदनिका पाहायला गेलेली मुले दांड्या घट्ट आहेत का, हे हलवून पाहतात. सूचनाफलकावरचे वेळापत्रक कोणी ठरवले, हेही त्यांनी तेथेच विचारावे. आणि शक्यतो आईवडिलांना सोबत नेऊन त्यांनाच विचारू द्यावे.